माल्टाची पहिली वाट

सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी मागची फाईल पाहण्याची सवय लागते. ह्या विषयावर पूर्वी काय पत्रव्यवहार झाला, मंजुरी कोणी दिली, खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला, हे कळल्याखेरीज त्याची लेखणी पुढे सरकत नाही. प्रस्तुत लेखकाचीही तीच गत आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाच्या प्रवासाचा बेत ठरू लागला, तेव्हा पारपत्र आणि रजेचा अर्ज ह्यांच्या तयारीबरोबरच माझे मन आपसूक मागची फाईल शोधू लागले.

बेताचे कारण अगदी घरगुती आहे. माझ्या थोरल्या बंधूंची कन्या माल्टातील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. मी आणि सौ. आम्ही दोघांनीही आजवर देशाबाहेर पाऊल टाकलेले नाही. बदल्यांच्या निमित्ताने नागपूर, जबलपूर, गुवाहाटी आणि अखेरीस बराकपूर एवढी भारतयात्रा मात्र घडली. "काका, निवृत्त झाल्यावर येऊ असं म्हणू नका. काकूंचे गुडघे तोवर थांबायचे नाहीत," असे पुतणीने दूरध्वनीवर बजावले, आणि बोलता बोलता तिने एक प्रश्न केला : "इथं आता आपल्याकडची माणसं पुष्कळ दिसतात. पण सगळ्यांत पहिली आपली माणसं इथं कधी आली असतील हो?"

प्रश्न सहज होता. उत्तर मात्र मजजवळ नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा असे दिसून आले की, माल्टाच्या त्या पहिल्या प्रवासाची कथा सांगायची तर तिचा आरंभ आपल्या बराकपुरातूनच करावा लागतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा हीच कथा वाचकांपुढे ठेवावी असे ठरविले.

आपण रोज ज्या छावणीच्या रस्त्यांवरून जातो, तेथे दोनशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या प्रवासावरून रक्त सांडले आहे. १८२४ साली इंग्रजांचे ब्रह्मदेशाशी युद्ध सुरू झाले आणि बराकपूरच्या ४७ व्या बंगाल पलटणीला तिकडे कूच करण्याचा हुकूम मिळाला. पलटणीत बहुसंख्य शिपाई अयोध्या आणि बिहारकडील उच्चवर्णीय होते. सामान वाहण्यासाठी बैल मिळेनात आणि मिळाले तर त्यांचे भाडे शिपायांच्या माथी पडे. त्यातच आपल्याला चितगावाकडे नेण्याच्या मिषाने जहाजावर चढवतील अशी आवई उठली. शिपायांनी गाऱ्हाणे मांडले आणि हट्ट धरला. सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट ह्याने २ नोव्हेंबर १८२४ रोजी सकाळी कवायतीच्या मैदानावर तोफा आणून त्यांच्यावर डागल्या. कित्येक जागीच पडले, कित्येक हुगळीत उड्या घेऊन बुडाले. पुढारी मानला गेलेला बिंदा तिवारी फासावर चढला आणि पलटणीचे नाव सैन्याच्या यादीतून खोडण्यात आले. १८५२ साली ३८ व्या बंगाल पलटणीनेही समुद्रमार्गे ब्रह्मदेशास जाण्याचे नाकारले. मग १८५६ च्या जुलैत लॉर्ड कॅनिंगने कायदाच केला की, ह्यापुढे बंगालच्या सैन्यात जो भरती होईल त्याने सांगतील तेथे, समुद्रापलीकडेसुद्धा, गेले पाहिजे. पुढच्याच वर्षी, २९ मार्च १८५७ रोजी, मंगल पांडे ह्याच छावणीत बंदूक घेऊन उभा राहिला. काडतुसांचे कारण सर्वश्रुत आहे. परंतु ह्या कायद्याने पेरलेला संशयही त्या असंतोषाच्या मुळाशी होता, हे इतिहासकारांनी नमूद केले आहे. कॅनिंगच्या पत्नीची समाधी आजही बराकपुरात गंगेच्या काठी आहे.

बंगालच्या शिपायाला जे काळे पाणी वाटले, ते मुंबई इलाख्याच्या शिपायाला तितके काळे नव्हते. मुंबईच्या सैन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून आणि कोकणपट्टीतून फार मोठी भरती होत असे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी आंग्र्यांच्या गलबतांवर वल्ही मारली, त्यांना गलबतात पाय ठेवताना धर्म बुडण्याची धास्ती कशी वाटावी? शिवाय मुंबईच्या पलटणी एकजातीय नसत. कोकणी आणि दख्खनी मराठे, महार, परदेशी म्हणून ओळखले जाणारे उत्तरेकडील लोक, मुसलमान आणि कुलाब्याकडचे बेने इस्रायल असे सर्व एका रांगेत उभे राहत. १८०१ साली नेपोलियनच्या फौजेला मिसरातून हुसकण्यासाठी जनरल बेअर्डच्या हाताखाली जे सैन्य हिंदुस्थानातून गेले, त्यात मुंबईच्या दोन पलटणींचे शिपाई होते. तांबड्या समुद्रावरील कोसीर बंदरात उतरून, वाळवंट तुडवून ते नाईल नदीवर पोचले आणि तिच्या प्रवाहाने खाली गेले. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याची हवा खाऊन आलेले आपल्याकडचे हे आरंभीचे लोक. पुढे एडन, इराण आणि १८६७-६८ मधील ॲबिसिनियाची मोहीम ह्या सर्व ठिकाणी मुंबईचे शिपाई जहाजानेच गेले. परंतु युरोपच्या भूमीवर ह्यांपैकी कोणाचेही पाऊल पडले नव्हते. ते पडले १८७८ साली, आणि पडले ते माल्टा बेटावर.

त्या प्रवासाचा बेत कसा आखला गेला, हे पाहण्यासारखे आहे. रशिया आणि तुर्कस्तान ह्यांचे युद्ध १८७७ साली पेटले होते. विजयी रशियाने ३ मार्च १८७८ रोजी सान स्टेफानो येथे तुर्कांकडून तह लिहून घेतला. रशियाचे आरमार भूमध्य समुद्रात उतरले तर सुएझ कालव्याची वाट धोक्यात येईल, ही इंग्लंडची चिंता. हा कालवा १८६९ साली खुला झाला होता आणि १८७५ साली पंतप्रधान डिझरायलीने त्याचे समभाग विकत घेऊन त्यावर आपला हात ठेवला होता. मार्चअखेर इंग्लंडच्या मंत्रिमंडळात असा विचार निघाला की, राखीव सैन्य बोलवावे आणि हिंदुस्थानातून फौज आणून भूमध्य समुद्रात एखादे ठाणे काबीज करावे. परराष्ट्रमंत्री लॉर्ड डर्बी ह्यांना हे मान्य नव्हते. त्यांनी राजीनामा दिला. पार्लमेंट ईस्टरच्या सुट्टीसाठी १६ एप्रिलला उठले आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर झाले की, सात हजारांच्या आसपास हिंदी सैनिक माल्टाला जाणार.

सभागृह उठण्याची वाट पाहून मग हुकूम जाहीर करण्याची ही हातोटी सरकारी कारभार जाणणाऱ्यांना नवी वाटणार नाही. परंतु विलायतेत ह्यावर मोठा गदारोळ उठला. मे महिन्यात पार्लमेंटात कडाक्याची चर्चा झाली. शांततेच्या काळात पार्लमेंटाच्या संमतीवाचून खडे सैन्य ठेवता येत नाही, हे १६८९ च्या हक्कांच्या सनदेचे तत्त्व. आणि हिंदुस्थानचा महसूल सरहद्दीबाहेरच्या मोहिमांवर पार्लमेंटाच्या संमतीवाचून खर्च करता येत नाही, हे १८५८ च्या कायद्याचे ५५ वे कलम. ह्या दोहोंचा भंग झाला काय, असा विरोधी पक्षाचा सवाल होता. लॉर्ड हार्टिंग्टन ह्यांचा ठराव बहुमताने फेटाळला गेला आणि खर्चाची पुरवणी मागणी मंजूर झाली. युद्धखोरीला इंग्रजीत जे 'जिंगो' विशेषण चिकटले, ते त्याच दिवसांतील एका नाटकगृही गाण्यातून. त्या गाण्याची विडंबनेही निघाली आणि त्यांत, स्वतः घरी बसून लढाईला हिंदी माणसाला धाडणाऱ्या शूरांची थट्टा केलेली होती.

ही चर्चा वाचताना एक गोष्ट मनाला लागते. राजाला अधिकार होता की नाही, पार्लमेंटाला विचारायला हवे होते की नाही, पैसा कोणाचा, कायदा कोणता, ह्या सर्व बाबींचा दोन्ही बाजूंनी कीस काढला. ज्यांना जायचे होते त्यांना विचारले काय, हा मुद्दा चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. हिंदुस्थानातील लोकांनी तो मांडावा तर त्यांचे तोंड आधीच बंद झाले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १४ मार्च १८७८ रोजी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा एका दिवसात संमत करून घेतला होता. कलकत्त्याची 'अमृत बाझार पत्रिका' त्या कायद्यातून सुटण्यासाठी रातोरात बंगालीची इंग्रजी झाली, ही हकीकत येथील वाचकांना ठाऊक असेलच. त्याच वर्षी हत्यारांचा कायदा होऊन सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. ज्याच्या घरात तलवार असणे सरकारला धोक्याचे वाटत होते, त्याच्याच भावाच्या हातात बंदूक देऊन त्याला युरोपात इंग्लंडची पत राखायला पाठवले जात होते.

एप्रिलच्या अखेरीस मुंबई बंदरात फौज जमू लागली. मुख्य अधिकारी मेजर जनरल जॉन रॉस. बंगालच्या सैन्यातून गुरखे, पंजाबी आणि रिसाला. मद्रासेकडून २५ वी पलटण आणि सॅपर्स. आणि मुंबईच्या सैन्यातून ९ वी आणि २६ वी पायदळ पलटण, रिसाल्याची एक पलटण आणि खडकीला ठाणे असलेल्या मुंबई सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या. ह्या मुंबईकर तुकड्यांतूनच आपली माणसे गेली. आजच्या मराठा रेजिमेंटच्या वंशावळीत ह्या पलटणींची नावे सापडत नाहीत. पुढच्या पुनर्रचनांत त्या वेगळ्या नावांखाली गेल्या. म्हणूनही असेल, आपल्याकडे ह्या प्रवासाची आठवण राहिली नाही.

त्या शिपायांच्या मागे घरी काय चालले होते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. १८७६ पासून दख्खनात भीषण दुष्काळ होता. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे ह्या जिल्ह्यांत गुरे मेली, गावे ओस पडली आणि माणसे खडी फोडण्याच्या कामांवर गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. शिपायाचा दरमहा पगार होता सात रुपये. ज्याच्या घरी आईबाप ह्या सात रुपयांकडे डोळे लावून बसले होते, त्याला कोणत्या समुद्रात जायचे हे विचारण्याची चैन परवडणारी नव्हती. बराकपूरच्या शिपायांनी हट्ट धरला, मुंबईच्या शिपायांनी धरला नाही. ह्यावरून एक मानी आणि दुसरा लाचार, असा निवाडा करणे अन्यायाचे होईल. पहिल्याला समुद्राची भीती होती, दुसऱ्याला चुलीची.

मुंबईहून एडन, एडनहून सुएझ, कालव्यातून पोर्ट सैद आणि तेथून माल्टा, असा हा सुमारे चार हजार सागरी मैलांचा मार्ग. आज विमानाने एका दिवसात जाता येते. त्या जहाजांना तीन ते चार आठवडे लागले. महिना मे, म्हणजे तांबड्या समुद्रात तव्यासारखे तापण्याचे दिवस. सैनिकांबरोबर घोडे, खलाशी, भिस्ती, आचारी असा मोठा लवाजमा होता. पाण्याची पिंपे कोणी भरावयाची, चूल कोणी पेटवावयाची, ह्या प्रश्नांवर हिंदी फौजांच्या समुद्रप्रवासात नेहमीच काळजीपूर्वक व्यवस्था करावी लागे. सोवळे पाळणारा शिपाई चणे-चुरमुऱ्यांवर दिवस काढी आणि आपला लोटा दुसऱ्याच्या हाती देत नसे. लंडनमध्ये हार्टिंग्टन आणि त्यांचे प्रतिपक्षी कायद्याची कलमे एकमेकांना वाचून दाखवीत होते, तेव्हा ज्यांच्याविषयी वाद चालला होता ते लोक अर्धी वाट ओलांडून गेले होते.

मे महिन्याच्या अखेरीस जहाजे माल्टाच्या प्रसिद्ध बंदरात शिरू लागली. बेट किती लहान, तर माल्टाच्या सबंध प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या सुमारे निम्मे. पण इतिहास मोठा. सेंट जॉनच्या पंथाच्या सरदारांनी १५६५ साली येथे तुर्की आरमाराचा प्रचंड वेढा परतवला आणि त्यांचा प्रमुख ला व्हालेत ह्याच्या नावाने व्हॅलेटा ही राजधानी वसवली. १७९८ साली नेपोलियनने बेट घेतले, दोन वर्षांत ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या भूमध्य समुद्रातील आरमाराचा तळ बनले. पिवळसर चुनखडी दगडाचे तट, तटांखाली खोल निळे पाणी. विजयदुर्ग-सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला दुर्गाच्या आकाराचे नवल वाटले नसेल. एका किल्ल्याच्या पोटात सबंध शहर मावते, ह्याचे मात्र वाटले असेल.

भाषेचीही एक गंमत आहे. माल्टी भाषा लिहितात रोमन लिपीत, परंतु ती निघाली अरबीतून. पुस्तकाला त्यांच्याकडे 'क्तिब' म्हणतात, जगाला 'दिन्या' आणि खोलीला 'काम्रा'. पहिल्या दोन शब्दांत आपल्याला किताब आणि दुनिया ओळखू येतात. तिसऱ्याचे आणि आपल्या कमऱ्याचे मूळ युरोपातील एकच. पुतणीने हे शब्द कळवले तेव्हा मला वाटले की, १८७८ च्या शिपायाला बाजारात सौदा करताना इंग्रजीपेक्षा माल्टीच अधिक जवळची वाटली असेल.

जून महिन्यात इंग्लंडचे सरसेनापती केंब्रिजचे ड्यूक स्वतः माल्टाला आले आणि त्यांनी हिंदी फौजेची पाहणी केली. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनी पागोटेवाल्या सैनिकांची चित्रे छापली. फौज तेथे लढण्याकरिता आली होती की दाखविण्याकरिता, हे तेव्हाच्या मुत्सद्द्यांना पुरते ठाऊक होते. इंग्लंडच्या पाठीशी हिंदुस्थानचे मनुष्यबळ आहे, हे युरोपला डोळ्यांनी दिसले म्हणजे काम झाले. १३ जूनला बर्लिन येथे राष्ट्रांची परिषद भरली आणि महिन्याभरात युद्ध टळले. तत्पूर्वी ४ जूनलाच इंग्लंडने तुर्कांशी गुप्त करार करून सायप्रस बेटाचा कारभार आपल्याकडे घेतला होता. जुलैत सर गार्नेट वुल्झली त्या बेटाचे पहिले उच्चायुक्त म्हणून लार्नाका येथे उतरले, आणि माल्टातील हिंदी तुकड्याही तिकडे रवाना झाल्या.

अशा रीतीने एका उन्हाळ्यात आपल्या माणसांना दोन बेटे घडली. पहिले पाहुणचाराचे, दुसरे तापाचे. सायप्रसच्या जुलै-ऑगस्टच्या उन्हात तंबू ठोकून राहिलेल्या गोऱ्या सैनिकांना तापाने अक्षरशः आडवे केले आणि हिंदी सैनिकांनाही त्याची झळ लागली. दूषित हवेमुळे ताप येतो अशी तेव्हाची समजूत. डासाच्या पोटातील हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादेस पाहिला आणि पुढील वर्षी कलकत्त्यात त्याचा सबंध जीवनक्रम पक्ष्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केला. म्हणजे त्या तंबूंतील माणसांना आपला शत्रू कोण हे कळायला अजून वीस वर्षे होती. त्याच वर्षी हिंदी फौज मायदेशी परतली. एकही गोळी न झाडता मोहीम संपली, सायप्रस मात्र इंग्लंडच्या पदरात राहिले, ते १९६० पर्यंत.

माझी फाईल येथवर येते आणि थांबते. किती पलटणी, कोणाच्या हुकुमाने, कोणत्या कायद्याखाली, हे सारे तपशिलाने सापडते. शिपायांचे स्वतःचे शब्द मात्र माझ्या वाचनात कोठेही आले नाहीत. १८५७ च्या धामधुमीतून फिरून आलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी आपला प्रवास मागाहून लिहून ठेवला, म्हणून तो आपल्याला वाचता येतो. माल्टाच्या मराठी शिपायाचे तसे पुस्तक मला मिळाले नाही. राजापूर किंवा खेडच्या कोण्या घरात म्हातारपणी त्याने नातवंडांना पांढऱ्या दगडाच्या बंदराची गोष्ट सांगितली असेल, आणि ती त्या घरातच विरून गेली असेल. पुढे पहिल्या महायुद्धात माल्टा हे जखमींचे मोठे शुश्रूषास्थान झाले. तेथे मरण पावून ज्यांचे दहन झाले अशा हिंदी सैनिकांचे स्मारक पिएता येथील लष्करी दफनभूमीत आहे. १८७८ च्या तुकड्यांना तेवढाही दगड लाभलेला मला आढळला नाही.

येथे मला नदीपलीकडे दृष्टी वळवावी लागते. धोबी घाटावरून होडीत बसले की काही मिनिटांत आपण श्रीरामपुरास उतरतो. ज्या गावी विल्यम कॅरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, त्याच गावी माल्टाच्या मोहिमेनंतर अवघ्या पाच वर्षांनी दुसऱ्या एका मराठी प्रवासाचा बेत पक्का झाला. पोस्ट खात्यातील गोपाळराव जोशी आणि त्यांची पत्नी आनंदीबाई तेथे राहत होती. गोपाळरावही आपल्यासारखेच सरकारी नोकर, बदल्यांच्या मागे कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज करीत बंगालपर्यंत आलेले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात अठरा वर्षांच्याही आतल्या ह्या मुलीने इंग्रजीत भाषण करून आपण वैद्यक शिकायला अमेरिकेस का जातो, हे सांगितले. येथेच शिक्षण का घेत नाही, एकटी का जाते, जात बहिष्कार घालील त्याचे काय, अशा एकेका आक्षेपाला तिने सभेत उत्तर दिले. ७ एप्रिलला ती कलकत्त्याहून जहाजात बसली, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, आणि परत येऊन फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास क्षयाने वारली.

नदीच्या एका काठावर १८२४ साली समुद्रप्रवासाच्या धास्तीने गाऱ्हाणे मांडणाऱ्यांना तोफेचे उत्तर मिळाले. दुसऱ्या काठावर १८८३ साली जाऊ इच्छिणारीला शेकडो प्रश्न विचारले गेले आणि तिने त्यांची उत्तरे दिली. ह्या दोहोंच्या मध्ये माल्टाचे शिपाई उभे आहेत. त्यांना कोणी प्रश्न विचारला नाही आणि त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षाही ठेवली नाही. आनंदीबाईंचा प्रवास आपल्या स्मरणात राहिला, कारण तो तिने स्वतः ठरवला आणि त्याची कारणे स्वतःच्या शब्दांत सांगितली. प्रवासाचे मोठेपण मैलांवर अवलंबून नसते, हे ह्यावरून कळते.

काळ मात्र पालटतो. १९६४ साली सायप्रसमध्ये ग्रीक आणि तुर्की समाजांत दंगली उसळल्या, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले भारताचे जनरल ग्यानी आणि त्यांच्यामागून जनरल थिमय्या. थिमय्यांना १८ डिसेंबर १९६५ रोजी त्याच बेटावर, कर्तव्यावर असताना मृत्यू आला. ज्या भूमीवर आपले सैनिक परक्याच्या हुकुमाने उतरले होते, तेथे स्वतंत्र भारताचा सेनापती दोन्ही बाजूंच्या मधोमध विश्वासाने उभा राहिला. माल्टाही १९६४ सालीच स्वतंत्र झाले, आणि ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे इंग्रज सैनिक तेथून निघून गेले.

आता आमच्या बेताविषयी थोडे सांगून लेख आवरता घेतो. खात्याची परवानगी मिळाली आहे. रजा मंजूर आहे. व्हिसाचा अर्ज भरताना दोन रकान्यांपाशी माझी लेखणी क्षणभर थांबली. एक, प्रवासाचा उद्देश. दुसरा, खर्च कोण करणार. पहिल्यात 'पर्यटन व कुटुंबीयांची भेट' आणि दुसऱ्यात 'स्वतः अर्जदार' असे लिहिले. हे दोन्ही रकाने स्वतःच्या हाताने भरणे १८७८ च्या माणसाच्या नशिबी नव्हते. व्हॅलेटात बंदराच्या माथ्यावर एक बाग आहे. तिचे नाव 'अप्पर बराक्का'. आमच्या बराकपुराशी तिचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही, नामसादृश्य योगायोगाचे असावे. तेथे दुपारी बारा वाजता तोफ उडवतात असे पुतणी सांगते. त्या तोफेच्या वेळी तेथे उभे राहून, ज्या पाण्यातून ती जहाजे आत आली ते पाणी पाहावे, आणि नंतर पिएताच्या स्मारकापाशी दोन फुले वाहावी, एवढाच आमचा कार्यक्रम ठरला आहे. सौ.ने त्यात बाजारहाटाची भर घातली आहे, ती मी मुकाट्याने मान्य केली.

जाता जाता मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. आपल्यापैकी बहुतेक जण बराकपुरास आलो ते बदलीच्या हुकुमाने. कोणी आपण होऊन गाव निवडले असे क्वचितच. परमुलखात येऊन गणपती बसवला, हळदीकुंकू केले, मुलांना मराठी अक्षरे गिरवायला लावली, त्या पहिल्या पिढीतील माणसे आता थोडी उरली आहेत. कोण कोठून आले, कोणत्या खात्यात होते, पहिल्या सभेला कोणाच्या घरी सतरंजी अंथरली होती, हे ती सांगू शकतील तोवर लिहून घ्यावे. कार्यालयांच्या दप्तरात आपल्या बदल्यांचे हुकूम सापडतील, पण सतरंजी कोणाची होती हे त्यात सापडणार नाही. पुतणीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर कळवले आहे : पहिली आपली माणसे १८७८ च्या मे महिन्यात आली, पण त्यांची नावे मला सांगता येत नाहीत. पन्नास वर्षांनी आपल्या मंडळाविषयी कोणी असाच प्रश्न केला, तर उत्तर देणाऱ्यावर ही पाळी येऊ नये.